अंजनाबाईच्या वाट्याची पावडर

अंजनाबाई गजभियेच्या रोटीचं माप कोपरापासून सुरू व्हायचं. ज्यानं लंबी रोटी कधी पाहिली नाही त्याला हे विचित्र वाटेल, म्हणून आधी ती कशी होते ते सांगायला हवं. बारीक दळलेल्या आणि पातळ कापडातून गाळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ घालायचं आणि पाणी एवढं ओतायचं की पाहणाऱ्यानं म्हणावं, झालं, बाई चुकली. मग ती सैल कणीक परातीतून उचलायची आणि आपटायची, पुन्हा उचलायची आणि पुन्हा आपटायची, चांगली तासभर. कणकेला तार सुटली की एक गोळा हातावर घ्यायचा आणि ह्या हातावरून त्या हातावर खेळवत तो कोपरापर्यंत लांबवायचा. चुलीवर मातीचं मडकं पालथं घालून तापवलेलं असतं, त्यावर तो अलगद सोडून द्यायचा. ह्यात लाटणं नाही, पोळपाट नाही, बाईचे दोन हात तेवढे आहेत.

ते दोन हात अंजनाबाईनं चाळीस वर्षं चालवले. तिच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली आणि पुढे दोन वर्षांनी ही झाली, त्यामुळे माहेरी ती 'नव्या धम्मातली पहिली पोर' म्हणून सगळ्यांच्या खांद्यावर वाढली. लग्न झालं बळीरामशी. तो इतवारीच्या धान्यबाजारात हमाल होता, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा. त्याच्या हमालीवर घर जगलं आणि अंजनाबाईच्या रोट्यांवर ते उभं राहिलं. हुडकेश्वरला प्लॉट झाला, त्यावर तीन खोल्या झाल्या, मागं टिनाच्या शेडखाली तिची चूल झाली. लग्न, बारसं, फार्महाऊसवरच्या पार्ट्या, जिथं कुठं मटण-रोटीचा बेत असेल तिथून बोलावणं यायचं. शेजारच्या गल्लीतली कौसल्या तिची जोडीदारीण. दोघींच्या दोन चुली शेजारीशेजारी पेटल्या की दीडशे माणसांची पंगत केव्हा उठली ते कळायचं नाही.

तर ही बाई हातांची एवढी खमकी, पण तोंडाच्या बाबतीत अगदीच दुबळी. दुबळी म्हणजे, स्वतःच्या तोंडात काही घालायचं म्हटलं की हिला लाज वाटायची. घरात आलेली वस्तू वाटली गेलीच पाहिजे, हा तिचा कायदा. हमालीच्या दिवसांत बळीराम कधी बाजारातून एखादंच संत्रं आणायचा. अंजनाबाई ते सोलायची, फोडी मोजायची, सासूला, नवऱ्याला, पोराला द्यायची आणि आपल्या वाट्याच्या दोन फोडी पुन्हा नवऱ्यापुढे सरकवायची. "मले आंबट लागते," म्हणायची. नागपुरात जन्मलेल्या बाईला संत्रं आंबट लागतं, हे घरानं चाळीस वर्षं निमूटपणे मानलं.

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. उमरेड रोडवरच्या एका पार्टीत अंजनाबाईनं गोळा हातावर घेतला, खेळवला, आणि मनगट ओलांडायच्या आधीच हातानं दगा दिला. रोटी तुटून चुलीत पडली. "हात घसरला," ती म्हणाली आणि दुसरा गोळा घेतला. कौसल्या बाजूलाच होती. तिनं पाहिलं आणि काही बोलली नाही, जोडीदारीण असावी तर अशी. पण त्यानंतर एकेक गोष्ट उघडी पडत गेली. कुकरचं झाकण निघेना. भरली बादली दोन ठिकाणी टेकवावी लागे. चुलीपुढच्या पाटावरून उठायचं तर एक हात भिंतीला आणि दुसरा गुडघ्याला. वर्षभर तिनं हे लपवलं, आणि लपवणाऱ्या माणसाला वाटतं तसं ते कुणालाच दिसलं नाही असं तिलाही वाटलं.

नात प्रीती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्यापुढे हे किती दिवस लपणार? ह्या दिवाळीनंतर तिनं आजीला धरूनच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी अंजनाबाईच्या मुठीत एक यंत्र दिलं आणि जोर लावून दाबायला सांगितलं. अंजनाबाईनं दात-ओठ खाल्ले. काटा चौदा किलोवर जाऊन थांबला, जिथं अठरा तरी यायला हवे होते. मग हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिचा हात आपोआप खुर्चीच्या दांडीवर गेला.

"आजी, वय वाढलं की अंगातलं मांस झडत जातं. सगळ्यांचंच झडतं, तुमचं जरा जास्त झडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवता काय दिवसभर?"

"सकाळी चहा-पोळी. मंग दुपारी जे राहते ते."

"वरण?"

"वरन संपते."

"अंडं खाता का?"

"आनतो ना. पोरगी शिकून राहिली, तिले लागते."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर थांबलं. त्यांनी प्रीतीकडे पाहिलं आणि प्रीतीनं खाली पाहिलं. तीन वर्षं रोज सकाळी आजीच्या हातून उकडलेलं अंडं खाणारी ती पोरगी, आणि शिकत काय होती तर आजारी माणसाची देखभाल.

रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं आणि मग प्रथिनांच्या पावडरचा डबा लिहून दिला. अंजनाबाईला साखरेचा थोडा त्रास होता, म्हणून बिनसाखरेची आणि बिनवासाची. रोज दोन मापं, एक सकाळी, एक संध्याकाळी. शिवाय वरण, दही, अंडं, आणि खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं. "नुसती पावडर खाऊन काही होत नाही आणि नुसत्या व्यायामानं पुरतं होत नाही. दोन्ही लागतं. आणि ही जादू नाही बरं का, तीन महिने तरी धरा," असं सांगून त्या क्षणभर थांबल्या. "आजी, हे तुमच्यासाठी आहे. घरच्यांसाठी नाही."

"हाव, हाव," अंजनाबाई म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिथंच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

डबा घरी आला. प्रीतीनं दुधात कालवून पहिला ग्लास हातात दिला. सगळं घर समोर बसलेलं. बळीराम, चौऱ्याहत्तर वर्षांचा, ज्याच्या सदऱ्यातून आता हाडंच दिसत होती. मुलगा प्रीतम, जो कोराडीच्या वीजकेंद्रात कंत्राटी फिटर होता आणि राखेचा वास अंगावर घेऊन दोन बस बदलून घरी यायचा. सून सरिता, जी दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असायची. आणि प्रीती. चार रिकामी तोंडं आणि मध्ये एक भरलेला ग्लास. अंजनाबाईनं दोन घोट घेतले. तिला ते चुन्याच्या निवळीसारखं लागलं, पण खरं सांगायचं तर चवीचा काही प्रश्न नव्हता. पुढचा घोट घेववेना तो समोरच्या त्या चार तोंडांमुळे.

"उद्यापासून मी माह्या हातानं घेईन," तिनं जाहीर केलं. "तुम्ही कोनी माह्यामागं लागू नका."

दुसऱ्या दिवशी सरिता कपडे द्यायला बाहेर गेली तेव्हा अंजनाबाईनं पिठाची कोठी उघडली. त्या घरात पीठ एकच असे, रोट्यांचं बारीक पीठ तेच पोळ्यांनाही. तिनं डबा कोठीत पालथा केला आणि कोपरापर्यंत हात घालून पीठ वरखाली केलं. झालं. आता ज्याच्या पोटात पोळी जाईल त्याच्या पोटात ताकद जाईल. बळीरामच्या, प्रीतमच्या, सरिताच्या, पोरीच्या, आणि आपल्याही. कुणाचं काही हिरावून घेतलं नाही, कुणाला काही कळलंही नाही. इतका सरळ हिशेब त्या शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना सुचू नये ह्याचं तिला थोडं नवल वाटलं. रिकामा डबा तिनं कपाटावर पुढेच ठेवला, लोकांना दिसावा म्हणून.

दुसऱ्या महिन्याचा डबाही तसाच कोठीत गेला. पोळ्या जरा लालसर होत होत्या. सरिता म्हणाली, "गहू बदलला वाटते." अंजनाबाई म्हणाली, "वाटते."

व्यायाम मात्र तिनं इमानानं केला, कारण त्यात कुणाच्या तोंडचं काही जात नव्हतं. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकायची, बळीरामनं मोजायचं, हिनं उठबस करायची. बळीरामचं मोजणं हमालीतलं. पोती मोजताना आठ झाली की पुन्हा एकवर यायची त्याची जुनी खोड होती, त्यामुळे अंजनाबाईला रोज ठरल्यापेक्षा जास्तच उठबशा पडायच्या.

"अवो, दहा झाल्या असतील ना?"

"नाई वं, पाचच झाल्या. ऊठ."

"तुम्हाले कोनं ठेवलं होतं इतवारीत?"

"जोर असलेल्यालेच ठेवत होते. ऊठ, सहा."

महिन्याभरात ती खुर्चीवरून दांडी न धरता उठू लागली. कुकरचं झाकण निघू लागलं. आणि तिचा जीव हरखला. कौसल्याला न सांगता, सरिता घरात नसताना, तिनं एक दिवस मागची चूल पेटवली, मडकं पालथं घातलं, कोठीतलं पीठ काढून कणीक भिजवली आणि तासभर आपटली. गोळा हातावर घेतला आणि तो तळहातावरच फाटला.

पुन्हा केलं. पुन्हा फाटला. चार दिवसांनी करून पाहिलं, तेच. जी रोटी कशीबशी मडक्यावर गेली तिला भोकं पडली आणि ती धड भाजायच्या आधी लाल होऊन करपली. हात दुबळा झाला तेव्हाही दहातल्या दोनच फाटत, आता दहाच्या दहा. अंजनाबाई विझत्या चुलीपुढे बसून आपल्या हातांकडे पाहत राहिली. पायांत जोर आला असेल, कुकरचं झाकण निघत असेल, पण रोटीचा हात गेला. ती ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन, फाटक्या रोट्या गाईला घालून, सरिता यायच्या आत शेड झाडून टाकली.

प्रीतम तिला कधीपासून सांगत होता. "माय, आता बंद कर ना. मले लाज वाटते, लोक म्हनतात पोरगा कमावते आन् माय चुलीपाशी बसते." ह्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं की तुझ्या लाजेसाठी मी लोकांना उपाशी ठेवू का. ह्यावेळी ती म्हणाली, "विहाराचा दिवस होऊ दे. मंग बंद." प्रीतमला एवढ्या लवकर जिंकायची सवय नव्हती. तो आईकडे पाहत राहिला, आणि त्याला बरं वाटण्याऐवजी कसंतरीच झालं.

विहाराचा दिवस म्हणजे वस्तीतल्या बुद्धविहाराचा वर्धापनदिन, जानेवारीतला. विहार बांधला तेव्हा अंजनाबाईपाशी द्यायला पैसा नव्हता. तिनं सांगितलं होतं, माझं दान रोटीचं. तेव्हापासून एकोणतीस वर्षं त्या दिवसाच्या भोजनदानाच्या रोट्या तिच्या आणि कौसल्याच्या. बाकीच्या ऑर्डरी हातातून गेल्या तर जाऊ देत, पण ते तिनं बुद्धापुढे उभं राहून बोललेलं होतं. ते दान आपल्या हातून ह्या वर्षी शेवटचं व्हावं आणि नीट व्हावं, एवढंच तिला हवं होतं. एवढं झालं की मडकं कौसल्याला देऊन टाकायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

आता विहारासाठी दहा किलो पीठ वेगळं दळून आणलं. तिसरा डबा त्याच आठवड्यात आला होता. अंजनाबाईच्या डोळ्यांपुढे विहारात येणारे म्हातारे उभे राहिले. काठी टेकत येणारे, पंचांग प्रणामाला वाकले की दुसऱ्यानं बखोटं धरून उठवावं लागणारे. त्यांना कोण डबा लिहून देणार होतं? तिनं तिसरा डबा अख्खा त्या दहा किलोंत रिता केला. दान करायचं तर पुरतं करावं.

वर्धापनदिनाला सकाळी आठलाच विहाराच्या मागं दोन चुली पेटल्या. मोठ्या गंजात पाटवडीचा रस्सा उकळत होता, बाया कांदे चिरत होत्या, पोरी "जय भीम आजी, जय भीम" करत येत-जात होत्या. अंजनाबाईनं पदर खोचला आणि कणीक आपटायला घेतली. हात चालत होते. गेल्या वर्षी अर्ध्यातच दम लागला होता, तसा लागला नाही, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. तिचं सगळं ध्यान तारेकडे होतं आणि तार काही सुटत नव्हती.

पहिली रोटी मनगटाशी फाटली. दुसरी तळहातावर. तिसरी कशीबशी मडक्यावर पडली आणि बघता बघता काळी झाली. शेजारी कौसल्याच्या रोट्यांची घडीवर घडी चढत होती. कांदे चिरणाऱ्या बायांचं बोलणं हळूहळू थांबलं. कुणी हसलं असतं तर अंजनाबाईनं उलट चार शब्द ऐकवले असते. पण कुणी हसलं नाही, सगळ्या मान खाली घालून कांदेच चिरत राहिल्या. ते तिला सहन झालं नाही.

चौथी फाटली तेव्हा ती पाटावरून उभी राहिली. "कौसल्या," ती म्हणाली, "माह्यं मडकं तू घेऊन जा. मी काही आता यातली राहिली नाई."

बळीराम दाराशी उभा होता. तो आला होता चहा मागायला, पण त्यानं बायकोकडे असं पाहिलं की चहा विसरला.

"तू उठली कशी?"

"काहून?"

"भिंत नाई धरली. गुडघ्यावर हात नाई ठेवला. पाटावरून सरळ उठली." तो पुढे आला. "पायात एवढा जोर आला, तर हातालेच काय झालं?"

"हात गेला माह्या. तुम्हाले काय समजते त्यातलं?"

"हाताचं नाई समजत. पिठाचं समजते."

बळीरामनं परातीतल्या कणकेत दोन बोटं घातली आणि चोळली. मग कोरड्या पिठाचं पिंप उघडलं, चिमूट घेतली, अंगठ्यानं तळहातावर घासली, हुंगली, जिभेवर ठेवली. इतवारीत अडतीस वर्षं काढलेल्या ह्या माणसाला एके काळी दुकानदार पोतं फोडण्याआधी बोलवायचे आणि विचारायचे, बळीराम, माल कसा आहे. त्यानं पुन्हा एक चिमूट जिभेवर ठेवली.

"ह्याच्यात दूध हाय," तो म्हणाला. "दुधाचं कायतरी हाय, म्हनून तार सुटून नाई राहिली. अंजना, काय टाकलं तू ह्याच्यात?"

अंजनाबाईनं परात आपल्याकडे ओढली. रस्सा ढवळणारी सरिता थांबली. वाढायची ताटं पुसत असलेली प्रीती एकदम पुढे आली. सगळ्यांच्या आधी तिच्या लक्षात आलं.

"आजी! पावडर?"

"म्हाताऱ्या मानसाईसाठी टाकली," अंजनाबाई हळूच म्हणाली. "त्याईचेबी गुडघे दुखतात."

"आणि घरची? दोन डबे?"

"घरच्या पिठात."

"म्हणजे दोन महिने आम्ही सगळे...?"

"मंग? मी एकटीनं कशी खाऊ? तुम्ही समोर बसून राहता."

सरिताला तेवढ्यात लालसर पोळ्या आठवल्या. "गहू नव्हता बदलला," ती म्हणाली, आणि कौसल्या हसायला लागली. ती इतकी हसली की तिला चुलीपासून बाजूला सरकावं लागलं. "अवं, रोटीले ताकद पाजली तू! म्हनून ती लवून नाई राहिली!" मग सगळ्याच बाया हसल्या, मघाशी दाबून ठेवलेलं सगळं. प्रीती मात्र चिडली होती. एखाद्याला दूध सोसत नाही, एखाद्याला औषधं चालू असतात, असं न सांगता लोकांच्या अन्नात काही घालायचं नसतं, असं तिनं आजीला तिथंच सुनावलं. अंजनाबाईनं मान डोलावली. तिला बोलणी लागतच नव्हती. ती आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत होती.

"म्हनजे," ती म्हणाली, "हात नाई गेला?"

कौसल्याच्या घरी रोटीचं पीठ शिल्लक होतं. प्रीतम कुणाची तरी गाडी मागून आणतो म्हणाला, पण बळीराम तोवर चालूही पडला होता. पंधरा मिनिटांनी तो दोन गल्ल्या ओलांडून आला तो पिठाचा डबा डोक्यावर घेऊन, एक हातही न लावता, आणि बायकोपुढे तो असा उतरवला की जणू अख्खी इतवारी उतरवली. नंतर दोन दिवस त्याची मान आखडली होती, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुन्हा कणीक भिजली. पुन्हा तासभर आपटली. विहारात पाहुण्यांना निरोप गेला की जेवणाला थोडा उशीर आहे, भाषण जरा लांबवा. भाषण करणाऱ्यांची त्याला काहीच हरकत नव्हती. इकडे कणकेला तार सुटली. अंजनाबाईनं गोळा घेतला, ह्या हातावरून त्या हातावर घेतला, मनगट ओलांडलं, कोपर आलं, आणि कोपराच्याही खाली चार बोटं पातळ कणीक अखंड लोंबत राहिली. मडक्यावर पडली ती फुगली. कौसल्यानं आपला पाट जरा बाजूला घेतला, तिला जागा व्हावी म्हणून.

सगळं काही पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. चाळिसाव्या रोटीला तिचे खांदे भरून आले आणि उरलेल्या कौसल्यानं केल्या. पण चाळीस झाल्या, आणि चाळिसांतली एक फाटली. दूध घातलेल्या कणकेच्या सरिता-प्रीतीनं तव्यावर जाड पोळ्या भाजल्या आणि काम करणाऱ्या बायांनी त्या माहीत करून घेऊन, हसत हसत खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी प्रीतीनं नवा डबा आणला. संध्याकाळी सगळे जेवायला बसायच्या आधी तिनं पावडर दुधात न घालता पातळ ताकात घातली, वर जिरं आणि मीठ, आणि ग्लास आजीपुढे ठेवला.

"पाचव्या हिश्शावर तुला एवढं बरं वाटलं, आजी. आता पूर्ण घे."

अंजनाबाईनं सगळ्यांकडे पाहिलं. "तुमच्यासाठी ताक?"

"आम्हाला नाही."

"मंग नंतर घेईन. ठेव तिकडं."

"आत्ता," प्रीती म्हणाली.

"मले ताक आंबट लागते."

हे ऐकून बळीराम हसला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता, तो पुढे सरकून बसला.

"अंजना, तुले संत्रं आंबट लागत नाई, हे मले लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी समजलं होतं," तो म्हणाला. "माय झोपली होती, तू साली चाटून राहिली होती, मी दारातून पाहिलं. मी काही बोललो नाई. दुसऱ्या दिवशीबी तू फोडी माह्यापुढं सारल्या आन् मी खाऊन घेतल्या. भूक राहत होती वं तवा. मंग सवय झाली. तुही चूक नाई ते. माही हाय."

प्रीतमनं तोंड फिरवलं. अंजनाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. चाळीस वर्षं जे आपण लपवलं असं तिला वाटत होतं, ते ह्या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं. राग यावा की बरं वाटावं हे तिला उमगेना. दोन्ही झालं.

"पे," बळीराम म्हणाला. "आमी पाहून राहिलो."

तिनं ग्लास उचलला. शंभर किलोचं पोतं उचलणाऱ्या नवऱ्याला कधी इतकं जड गेलं नसेल. चार माणसं रिकाम्या हातांनी समोर बसलेली, आणि ती एकटी पीत होती, एकेक घोट, डोळे मिटून. तळाशी घोटभर ताक उरलं तेव्हा ती थांबली. हात सवयीनं पुढे झाला आणि ग्लास बळीरामपुढे सरकला.

बळीरामनं तो एका बोटानं परत तिच्याकडे सरकवला.

तिनं तो शेवटचा घोटही घेतला. सरिता ग्लास उचलायला वाकली तर तिला हातानंच थांबवलं. मग पदरानं तोंड पुसून अंजनाबाई पाटावरून उठली, कशालाही न धरता, आणि ग्लास मोरीत नेऊन विसळून ठेवला.